म्हापशात बेकरीसाठी बॅनर करायचाय, फ्लेक्सवर कापलेली व्हिनाइल अक्षरं पावसात टिकतील का?

टिकतील, पण पाऊस लागायच्या आधी कोरड्या दिवसात चिकटवून घ्या, जून-जुलैत नको. मी साइनबोर्डचंच काम करतो, अक्षरं सुटतात ती बहुतेक वेळा खाली राहिलेल्या धुळीने नाहीतर तेलकटपणाने, म्हणून फ्लेक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या, मग ट्रान्सफर टेपने (कापलेली अक्षरं एकत्र उचलून बसवायची चिकट टेप) अक्षरं बसवा, स्क्वीजी (दाबून घासायची सपाट पट्टी) मधल्या भागापासून कडेकडे फिरवा आणि 24 तास तरी बॅनर गुंडाळू नका. नंतर गुंडाळताना अक्षरं बाहेरच्या बाजूला हवीत, आत ठेवली की सुरकुत्या पडून कडा उचलतात, हे खरंच सांभाळा. अक्षरांची उंची, ती जितक्या लांबून वाचायची त्या दर 10 फूट अंतराला साधारण 1 इंच धरा. फक्त बोर्ड वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर फ्लेक्स नको, तो वाऱ्याने हलत राहतो, एसीपी शीटवर (मध्ये प्लास्टिक असलेला कडक अॅल्युमिनियमचा पत्रा) लावा.