टेम्पोत चढेल तेवढंच

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र वाचलं. जवळजवळ सगळं पत्र व्हर्च्युअल स्टेजिंगसाठी, म्हणजे विकायच्या घराच्या फोटोत कॉम्प्युटरवर फर्निचर मांडण्यासाठी, कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं यावर, आणि शेवटी जाता जाता एक ओळ: एजंट म्हणतात फोटोतून हॉलमधला पिलर काढ, भिंतीवरची ओलही पुसून टाक, सगळेच करतात. गोंधळ सॉफ्टवेअरचा नाहीच, त्या शेवटच्या ओळीचा आहे. म्हणून सॉफ्टवेअरचं आधी उरकून टाकतो. मास्क, म्हणजे फोटोतला जेवढा भाग बदलायचा तेवढाच, हाताने रंगवता आला पाहिजे, तयार चित्र मूळ फोटोच्याच आकारात मिळालं पाहिजे आणि तेच फर्निचर पुन्हा वापरता आलं पाहिजे. या तीन गोष्टी असतील तर कोणतंही घे. हा प्रश्न पुन्हा विचारू नकोस.

आता पिलर. नियम एकच आहे आणि तो मी या पत्रात कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. टेम्पोत चढतं ते तुझं, टेम्पोत चढत नाही ते घराचं. सोफा, पलंग, टेबल, गालिचा, कुंडी, उभा दिवा यांतलं हवं ते ठेव. भिंत, बीम, पिलर, फरशी, खिडकी, ग्रिल, स्विचबोर्ड, पंख्याचा हूक, बाहेर दिसणारी शेजारची इमारत यांना हात लावायचा नाही. ओल तर भिंतीच्या आतच आहे.

रंगाचा डबाही टेम्पोत चढतो, असं तू म्हणशील. म्हणू नकोस. वस्तू उतरवून जागेवर ठेवली की काम संपलं पाहिजे. ती बसवायला गवंडी, रंगारी, प्लंबर किंवा वायरमन लागत असेल तर ती घरात मोडते. पडदा चालेल, पण रॉड आधीपासून असेल तरच. छताला लटकणारा दिवा चालेल, पण तिथे पॉइंट असेल तरच. याला कुणी अतिरेक म्हणेल, तर म्हणू दे. मालकाला भिंत पाडल्यावर हॉल कसा दिसेल ते दाखवायचं असेल, तर ते वेगळं काम आहे. त्याचं चित्र वेगळं, त्यावर ‘प्रस्तावित बदल’ असं ठळक लिहिलेलं, आणि स्टेजिंगच्या फोटोंमध्ये ते मिसळायचं नाही.

नियमाची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. गालिचा टेम्पोत चढतो, पण तो नेमका फुटलेल्या फरशीवर अंथरला तर तू गालिचा दाखवत नाहीस, फरशी लपवतेस. पोपडे आलेल्या कोपऱ्यात उंच कपाट ठेवणं हाही तोच प्रकार. फर्निचर ठेवण्याआधी मूळ फोटो मोठा करून दोषांची यादी कर, आणि सजवलेल्या फोटोत त्यांतला एकही झाकला जात नाही ना ते बघ. झाकला जात असेल तर वस्तू सरकव.

भरलेलं घर रिकामं करून दाखवायचं असेल तेव्हा टेम्पो उलटा चालतो. मालक जाताना जे घेऊन जाणार ते काढता येतं. पण कपाट काढलं की त्याच्यामागे काय आहे हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं, ते स्वतःच्या मनाने भिंत रचतं. तिथे ओल असेल, बंद केलेला दरवाजा असेल, प्लगच नसेल. म्हणून मोठं सामान भिंतीला लागून असेल तर मालकाला ते हातभर सरकवायला सांग आणि मागच्या जागेचा फोटो घे. सरकत नसेल तर ते कपाट फोटोत राहू दे.

आता मापं. सगळ्यात जास्त खोटेपणा इथे होतो, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. एआयच्या साधनाला खोलीचं माप कळत नसतं, त्याला फक्त फोटोतली मोकळी जागा दिसते आणि त्या जागेत छान दिसेल एवढा पलंग ते बनवतं. 10 बाय 10 फुटांची बेडरूम घे. डबल बेड 6 बाय साडेसहा. रुंदीत 4 फूट उरतात, म्हणजे दोन्ही बाजूंना 2-2 फूट, माणूस जाईल. लांबीत साडेतीन फूट उरतात. समोर 2 फूट खोल कपाट ठेवलंस की राहिला दीड फूट. कपाटाचं बाहेर उघडणारं दार उघडून समोर उभं राहायला एवढी जागा पुरत नाही. सॉफ्टवेअर मात्र तिथे पलंग, कपाट, खुर्ची आणि वर बाकडंही आरामात बसवून दाखवतं, कारण पलंग त्याने गुपचूप पाच फूट लांबीचा केलेला असतो. तो पलंग कोणत्याही टेम्पोत चढणार नाही, कारण तो अस्तित्वातच नाही. अशा खोलीत एक तर सरकत्या दारांचं कपाट दाखव, नाही तर 5 फूट रुंदीचा पलंग एका बाजूला सरकवून कपाट दुसऱ्या बाजूच्या भिंतीला दाखव आणि तळटिपेत पलंगाचं माप लिही.

पडताळायची सोपी पट्टी फोटोतच असते. फरशी 2 बाय 2 फुटांची असेल तर टाइल मोज. 7 फुटांचा तीन जणांचा सोफा साडेतीन टाइल व्यापेल. सोफ्याचा पुढचा पाय ज्या टाइलवर टेकतो, त्याच आडव्या ओळीत मोजायचं, कारण मागची टाइल फोटोत लहान दिसते. टाइल मोठी असेल किंवा लाकडी फरशी असेल तर आधी टेपने मोजून घे. उंचीसाठी दाराची चौकट आहे. दार 7 फुटांचं धर, मग डायनिंग टेबल अडीच फूट, खुर्चीची बैठक दीड फूट. तीही त्याच खोलीवर, म्हणजे कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर ताडून बघ. येण्याजाण्याची मुख्य वाट अडीच फुटांपेक्षा कमी ठेवू नकोस. दार पूर्ण उघडतं का, बाल्कनीचं सरकतं दार सोफ्यामागे अडकतं का, हेही बघ. सॉफ्टवेअरला दारासमोर टेबल ठेवायला काहीच वाटत नाही.

फोटो वाईट असेल तर पुढचं सगळं वाया. ट्रायपॉड लाव, कॅमेरा साधारण चार-साडेचार फुटांवर आणि अगदी समपातळीत, म्हणजे भिंतींच्या उभ्या कडा उभ्याच राहतात. लेन्स फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने 16 ते 24 मिलिमीटर पुरे. त्याहून रुंद लेन्स लावली की खोली ताणली जाते, आणि हे घराला हात लावणंच झालं, फक्त ते लेन्सने केलं. खिडकी पांढरीफटक आणि कोपरा काळा येत असेल तर तीन वेगवेगळ्या एक्सपोजरचे, म्हणजे कमी-जास्त उजळ, फोटो घेऊन जोड. दिवसा काढत असशील तर दिवे बंद ठेव. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आला की कोणताही सोफा त्या खोलीतला वाटत नाही.

मास्क रंगवताना जमिनीची मोकळी जागा आणि वस्तू जिथे उभी राहणार तेवढीच भिंत घे. सगळा फोटो एआयच्या हाती देऊन ‘आधुनिक हॉल बनव’ म्हणालीस तर ते खिडकीची चौकट बदलेल, स्विचबोर्ड गिळेल, स्कर्टिंग नवं लावेल, आणि तुला कळणारही नाही. कळावं म्हणून एक पायरी कधी चुकवू नकोस. मूळ फोटो खाली, सजवलेला वर, दोन्ही फोटो एडिटरमध्ये नेमके एकावर एक ठेव आणि वरच्या लेअरचा (थराचा) ब्लेंड मोड, म्हणजे तो खालच्यात मिसळायची पद्धत, ‘डिफरन्स’ कर. जिथे काही बदललं नाही तिथे काळं दिसतं. उजळ ठिपके फक्त फर्निचर, त्याची सावली आणि प्रतिबिंब एवढ्यावरच दिसले पाहिजेत. पंख्याच्या पात्यावर किंवा खिडकीच्या गजावर काही चमकलं, तर तिथे घर बदललंय. मग ब्लेंड मोड परत ‘नॉर्मल’ करून वरच्या लेअरला मास्क लाव, त्यातून फक्त फर्निचर, सावली, प्रतिबिंब घे, बाकी मूळ फोटोच राहू दे.

सावलीबद्दल थोडक्यात. पायाच्या अगदी खाली गडद, बारीक. तिथून खिडकीच्या विरुद्ध दिशेला फिकट होत जाणारी. गुळगुळीत टाइलवर टेबलाच्या पायाचं पुसट प्रतिबिंब नसेल तर टेबल तरंगतं. एकाच खोलीचे दोन कोन हवे असतील तर सोफा दोन्हीकडे तोच आणि त्याच जागी हवा. त्यासाठी थ्रीडी मॉडेल करून त्यावरून चित्र काढणं (रेंडर करणं) परवडतं. ते जमत नसेल तर एका खोलीचा एकच कोन सजव. स्वयंपाकघर आणि बाथरूम सजवायच्या भानगडीत पडू नकोस, तिथे टेम्पोत चढण्यासारखं फारसं काही नसतंच.

‘आभासी सजावट’ ही पट्टी फोटोवरच टाक. काठापासून आत, कारण जाहिरातीत फोटो चौकोनी कापला की कोपऱ्यातली पट्टी जाते. मोबाइलवर वाचता आली पाहिजे. सजवलेल्या फोटोच्या लगेच पुढे त्याच कोनातला रिकामा फोटो. मूळ फाइल जपून ठेव, तिच्यावर सेव्ह करू नकोस.

अशाने कामं मिळत नाहीत, हे मला अनेकदा ऐकवलं गेलंय. काही मिळत नाहीत, हे खरं. पण फोटोने फक्त माणसाला दारापर्यंत आणायचं असतं आणि आपलं सामान इथे कसं बसेल हे कळू द्यायचं असतं. घर बघायला आलेला माणूस फोन हातात घेऊन दारात उभा राहतो. पिलर दिसला की त्याला फक्त पिलर खटकत नाही, तो बाकीच्या सगळ्या फोटोंवर संशय घेतो, आणि ओल नसलेली भिंतही हाताने चाचपून बघतो. तेव्हा एजंट तुझ्याकडे बोट दाखवणार. मला हट्टी म्हणणाऱ्यांनी या हिशेबाचं उत्तर अजून दिलेलं नाही.

त्या हॉलच्या फोटोत पिलर आणि खिडकीच्या मध्ये खाच दिसते. तिथे पिलर जेवढा बाहेर आलाय तेवढंच खोल पुस्तकांचं कपाट, किंवा रुंदी असेल तर लिहायचं टेबल आणि खुर्ची ठेव. मग तो पिलर त्या कोपऱ्याची कडा होतो. पण फोटोवरून अंदाज करू नकोस. एजंटला फोन करून पिलर भिंतीतून किती इंच बाहेर आलाय आणि खिडकीपर्यंत किती फूट आहेत ते टेप लावून मोजायला सांग. ओलीचं काम मालकाने करायचं. तो रंगारी बोलवत नसेल तर भिंत फोटोत आहे तशीच राहील, आणि हे त्यांना काम सुरू करायच्या आधी लिहून कळव.