‘औपचारिक पद्धती’ की ‘आकारिक पद्धती’?

बडोद्यातल्याच एका अभियंता ताईंनी विचारले आहे: अनेक संगणकांवर मिळून चालणाऱ्या (‘डिस्ट्रिब्यूटेड’) प्रणालींचा आराखडा ‘फॉर्मल मेथड्स’ने, म्हणजे गणिताच्या भाषेत मांडून, तपासतात; मराठीत त्यांना ‘औपचारिक पद्धती’ म्हणावे का?

माझ्या मते म्हणू नये. मराठीत औपचारिक म्हणजे रीत म्हणून केलेले. ‘ती नुसती औपचारिकता हो’ असे म्हणतो, तेव्हा खरे काम आधीच उरकलेले असते. इथे तर खरे काम हेच! ‘फॉर्म’ म्हणजे आकार. विधानाच्या आकारावरून, ठरलेल्या नियमांनीच निष्कर्ष काढायचा. याच अर्थाने मराठीत ‘आकारिक तर्कशास्त्र’ रुळले आहे. म्हणून ‘आकारिक पद्धती’.

समजा, रावपुऱ्यातल्या यंत्रावर एक खाते आणि मांडवीतल्या यंत्रावर दुसरे, दोन्हींत हजार-हजार रुपये. रावपुऱ्याहून पाचशे पाठवले. मांडवीला ते जमा झाले, पण पोच वाटेत हरवली. रावपुऱ्याच्या यंत्राने तोच निरोप पुन्हा पाठवला, मांडवीला पुन्हा पाचशे जमा! आता बेरीज अडीच हजार. ‘एकूण रक्कम बदलू नये’ हे आपण सहज बोलून जातो, पण गणिताच्या भाषेत लिहायला बसलो की लगेच अडतो: निरोप वाटेत असताना ते पाचशे कुणाचे? ते निराळे मोजावेच लागतात. लिहिण्याची ही सक्ती मला फार मोलाची वाटते. मग मॉडेल चेकर, म्हणजे असा आराखडा तपासणारा प्रोग्रॅम, घटनांचे सगळे संभाव्य क्रम धुंडाळतो. अर्थात, मांडलेल्या मर्यादेतले, आणि आराखड्याचे, प्रत्यक्ष कोडचे नव्हे.

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लँपोर्ट यांची टीएलए प्लस ही अशीच आकारिक भाषा. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये लिहिले आहे, की डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमध्ये तिने पकडलेल्या एका चुकीपर्यंत पोचणारी सर्वांत छोटी वाटही ३५ पायऱ्यांची होती. एवढे माणसाच्या नजरेत कुठून येणार? याला ‘औपचारिक’ म्हणवत नाही.

‘डिस्ट्रिब्यूटेड’साठी ‘वितरित’ चालेल. रेशन वाटल्याचा भास होतो खरा, पण शब्द रुळला आहे.

आपल्या गावाला हा खटाटोप नवा नाही. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना अनेक भाषांतले प्रतिशब्द देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ इथूनच १९३१ साली निघाला. तेव्हा ताई, अहवालात बेधडक लिहा: ‘या वितरित प्रणालीचा आराखडा आकारिक पद्धतीने तपासला आहे.’