वाचकांचे प्रश्न: प्रोस्टेटचा कर्करोग पुण्यात जास्त, बार्शीकडे कमी, असं का?

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगाबद्दल आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो: हा आजार एका ठिकाणी जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी कमी का? त्यांतली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: दिल्ली, कोलकाता, पुणे आणि तिरुवनंतपुरम इथल्या पुरुषांच्या कर्करोगांत प्रोस्टेटचा क्रमांक दुसरा लागतो, असं एका जुन्या अहवालाच्या हवाल्याने वाचलं. माझं वय ६८. मूळ गाव बार्शी तालुक्यात. तिकडे या आजाराचं नावही फारसं कानावर येत नाही. शहराच्या हवापाण्यात काही दोष आहे का? गावी जाऊन राहावं का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर: गावी राहायचं असेल तर खुशाल जा, पण प्रोस्टेटच्या धास्तीने नको.

तुम्ही वाचलेले आकडे लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणीचे आहेत. अशी देशातली पहिली नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी तुमच्याच बार्शीत १९८७ मध्ये सुरू झाली. तिच्यात बार्शीसोबत परांडा आणि भूम तालुक्यांतली गावंही येतात. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयं, पॅथॉलॉजी लॅब आणि मृत्यूच्या नोंदी धुंडाळतात आणि एकच रुग्ण दोनदा मोजला जाणार नाही हे पाहतात. रुग्ण त्या भागात किमान वर्षभर राहत असेल तरच तो तिथला धरला जातो. त्यामुळे ‘पुण्यातल्या दवाखान्यांत सगळीकडचे रुग्ण येतात, म्हणून आकडा फुगतो’ हे लाडकं स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. साताऱ्याचा रुग्ण उपचारापुरता पुण्यात आला, तर तो पुण्याच्या खात्यात जात नाही. मात्र निवृत्तीनंतर मुलाच्या फ्लॅटमध्ये कायमचे राहायला आलेले वडील वर्षभरात पुणेकर होतात, आणि आजार सापडण्याचं वयही नेमकं तेच असतं.

वयाचा हिशेब इथे फार महत्त्वाचा आहे. समजा, अ आणि ब या दोन गावांत प्रत्येकी १ लाख पुरुष आहेत. दोन्हीकडे आजाराचा जोर अगदी सारखा आहे: पासष्टीच्या आत लाखात २, पासष्टीनंतर लाखात १००. अ गावात पासष्टीपुढचे पुरुष ४,००० आणि ब गावात १०,००० आहेत. अ गावात वर्षाला साधारण ६ रुग्ण निघतील, ब गावात १२. आजार तोच, तरी आकडा दुप्पट. म्हणून दोन भागांची तुलना करताना वयानुसार प्रमाणित केलेला दर घ्यावा लागतो. त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रमाण लोकसंख्येत पासष्टीपुढच्यांचा वाटा ७ टक्के धरलेला आहे. त्या मापाने दोन्ही गावांचा दर लाखात ८.९ येतो. अहवालात ‘कच्चा दर’ आणि ‘वयप्रमाणित दर’ असे दोन रकाने असतात. तुलनेसाठी दुसरा पाहा.

वयप्रमाणित दरातही पुणे-मुंबई बार्शीच्या पुढेच आहेत. तिथे प्रश्न येतो शोधण्याचा. हा कर्करोग म्हातारपणी पुष्कळ पुरुषांत असतोच. वेगळ्याच कारणाने दगावलेल्या सत्तरीपुढच्या पुरुषांच्या शवविच्छेदनांत, विशेषतः पाश्चात्य देशांत, तिघांत एकाच्या किंवा त्याहूनही जास्त जणांच्या प्रोस्टेटमध्ये त्याच्या लहान गाठी सापडल्या आहेत. त्या माणसांना जिवंतपणी त्रास नव्हता आणि पत्ताही नव्हता. म्हणजे जो भाग जास्त तपासेल, त्याला जास्त सापडणार. शहरात वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये पीएसए ही रक्तचाचणी सर्रास असते. प्रोस्टेट वाढली म्हणून दुर्बिणीने काढलेले तुकडे पॅथॉलॉजीला जातात आणि त्यांत अचानक कर्करोग निघतो. खेड्यात रात्री चारदा लघवीला उठणं म्हणजे ‘वय झालं’. आजार मणक्यात उतरला तरी दुखण्याला वाताचं नाव पडतं.

अमेरिकेच्या आकड्यांत हे उघड दिसतं. पीएसए चाचणीला तिथे १९८६ मध्ये मंजुरी मिळाली, ती आधी निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. पण डॉक्टरांनी ती निरोगी माणसांवरही वापरायला घेतली आणि १९९२ मध्ये नव्या रुग्णांचा दर शिखराला पोचला. सहा वर्षांत कोणत्याही देशाचं हवापाणी इतकं बदलत नाही.

म्हणून नव्या रुग्णांच्या आकड्याशेजारी मृत्यूंचा आकडा ठेवून वाचायला हवा. अमेरिकेत २०२४ साठीचा अंदाज होता २,९९,०१० नवे रुग्ण आणि ३५,२५० मृत्यू, म्हणजे शंभराला १२. भारतासाठी २०२० चा जागतिक अंदाज ३४,५४० नवे रुग्ण आणि १६,७८३ मृत्यू असा होता, म्हणजे शंभराला जवळपास ४९. आपल्याकडे आजार कमी आहे हे खरं, पण सापडतो तो बऱ्याचदा पसरल्यावर. बार्शीकडच्या कमी दरात थोडा खराखुरा कमीपणा आहे आणि थोडा न सापडलेला आजार. दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेले आहेत.

राहणीमानाचा वाटा मुळीच नाही, असंही नाही. जपानमधून हवाई आणि कॅलिफोर्नियात गेलेल्या कुटुंबांत हा आजार मायदेशापेक्षा कितीतरी वाढला, आणि ती वाढ पीएसएच्या आधीच दिसली होती. नेमकं काय बदललं, यावर आहारापासून वजनापर्यंत बरेच दावे आहेत. यांतलं एकच कारण पक्कं म्हणून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न: मी २० वर्षं लेस्टरला राहतो. इथे ‘आठांत एका पुरुषाला’ असं सांगतात. हा आकडा आम्हा भारतीयांनाही लागू आहे का? न्यू जर्सीतला माझा भाऊ तिकडचा दर लाखाला ११० च्या वर आहे म्हणतो. तो भारताच्या कितीतरी पट होतो.
(एक वाचक, लेस्टर, इंग्लंड)

उत्तर: इंग्लंडमधल्या नोंदींवरून वंशानुसार काढलेले आकडे असे आहेत. आयुष्यभरात निदान होण्याची शक्यता गोऱ्या पुरुषांत ८ त १, कृष्णवर्णीयांत ४ त १ आणि आशियाई वंशाच्या पुरुषांत १३ त १. या आजाराने मृत्यू येण्याची शक्यता अनुक्रमे २४ त १, १२ त १ आणि ४४ त १. गंमत अशी की निदान झालेल्यांपैकी मरणाऱ्यांचा वाटा तिन्ही गटांत एक तृतीयांशाच्या आसपास येतो. म्हणजे तुमचा धोका कमी आहे तो आजार होण्याचा. झालाच तर तो तुमच्या बाबतीत सौम्य असेल, असं धरून चालू नका.

भावाच्या आकड्यात एक खाच आहे. अमेरिकन अहवाल वयप्रमाणित दर काढताना स्वतःची सन २००० ची लोकसंख्या वापरतात, आणि तिच्यात म्हातारे जास्त आहेत. जागतिक मापाने तोच दर लाखाला पाऊणशेच्या आसपास येतो. भारतीय दर जागतिक मापाचे असतात. दोन वेगळ्या मापांचे आकडे शेजारी मांडले की फरक विनाकारण फुगतो. एकाच मापाने पाहिलं तरी दरी मोठीच आहे: २०२२ च्या अंदाजात दक्षिण-मध्य आशियात लाखाला ६ च्या आसपास, उत्तर युरोपात ८० च्या वर आणि जगाची सरासरी २९. मृत्यूंचा दर मात्र कॅरिबियन बेटं आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सर्वांत जास्त आहे.

दोघांनीही घरातली माहिती गोळा करा. वडील किंवा सख्खा भाऊ रुग्ण असेल तर धोका दुप्पट किंवा अधिक होतो. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणाला तरुणपणी स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. बीआरसीए-२ या जनुकातला दोष पुरुषांत प्रोस्टेटच्या आक्रमक कर्करोगाशी जोडलेला आहे, आणि तो आईकडूनही येतो.

प्रश्न: आमची केळीची बाग आहे. फ्रान्सच्या कुठल्याशा बेटांवर केळीवरच्या औषधामुळे हा कर्करोग वाढला, असा व्हिडिओ गावात फिरतो आहे. खरं आहे का?
(एक शेतकरी, रावेर)

उत्तर: बऱ्याच अंशी खरं आहे. ग्वादलूप आणि मार्टिनिक ही ती बेटं. केळीचा कंद पोखरणाऱ्या सोंड्याला मारण्यासाठी तिथे १९७२ ते १९९३ या काळात क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक बुंध्याशी मातीत टाकलं जात असे. ते मातीत अतिशय सावकाश विघटित होतं. तिथून ते कंदमुळं, मासे आणि पाण्यात उतरलं, आणि आज तिथल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याचा अंश सापडतो. २०१० मध्ये ग्वादलूपच्या एका अभ्यासात, रक्तात हे रसायन सर्वांत जास्त असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाची शक्यता सुमारे पावणेदोन पट दिसली. फ्रान्सने २०२१ च्या डिसेंबरात तिथल्या बागायतीत काम केलेल्यांसाठी हा व्यावसायिक आजार म्हणून मान्य केला. पण बेटांचा सगळा दर या एका औषधाच्या माथी मारता येत नाही. तिथली बहुसंख्य प्रजा आफ्रिकी वंशाची आहे आणि पीएसए तपासणीही भरपूर होते.

व्हिडिओतून निघणारा ‘केळी खाऊ नका’ हा अर्थ चुकीचा आहे. तो प्रश्न त्या रसायनाचा आणि त्या मातीचा होता. तुम्ही काळजी घ्यायची ती फवारणीची. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या फवारणी करणाऱ्यांच्या दीर्घ अभ्यासात मॅलाथिऑन, टर्बुफॉस, फोनोफॉस आणि आल्ड्रिन यांच्या वापराशी आक्रमक प्रोस्टेट कर्करोगाचा संबंध आढळला. वाढ मध्यम स्वरूपाची होती, पण औषध कातडीतून आत जातं हे ध्यानात असू द्या. द्रावण हाताने ढवळू नका, नायट्राइलचे हातमोजे घाला, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. आणि पंप पाठीवर असताना त्याच हाताने तंबाखू मळणं पहिलं बंद करा.

प्रश्न: वय ६७. शिबिरात पीएसए ६.२ आला. सोनोग्राफीत प्रोस्टेट ६२ ग्रॅम. शिबिराच्या आठवडाभर आधी लघवीला जळजळ होत होती. लगेच बायॉप्सी (ग्रंथीचा तुकडा काढून तपासणी) करायला सांगितलं आहे. करू का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी लघवीची तपासणी आणि कल्चर करून घ्या. संसर्गात पीएसए सहज वाढतो. जंतू निघाले तर उपचार पूर्ण करा आणि त्यानंतर ६ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, पीएसए पुन्हा करा. लॅब बदलली की किट बदलतं आणि आकडा हलतो. चाचणीआधी ४८ तास वीर्यस्खलन, सायकल आणि जोराचा व्यायाम टाळा. लघवीची नळी बसवली असेल किंवा बायॉप्सी झाली असेल, तरीही ६ आठवडे थांबा. जंतू नसतील तर निव्वळ आकडा खाली आणण्यासाठी अँटिबायोटिक घेऊ नका.

आता तुमच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून वाचा. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड हे नाव असेल आणि गोळी सहा महिन्यांहून जास्त चालू असेल, तर पीएसए निम्म्यावर आलेला असतो. तुमचा ६.२ मग खरा १२ च्या पुढचा धरावा लागेल. प्रोस्टेटच्या जोडगोळीत टॅम्सुलोसिनबरोबर ड्युटास्टेराइड असतं आणि अनेकांना ते माहीतच नसतं. एकट्या टॅम्सुलोसिनने आकडा बदलत नाही. केसांसाठी घेतलेली फिनास्टेराइडची छोटी गोळीही मोजायची.

यांतलं काही नसेल तर साधा भागाकार करा: ६.२ भागिले ६२ म्हणजे ०.१०. ही पीएसएची घनता. ०.१५ च्या वर गेली की संशय वाढतो. तुमची त्याखाली आहे, म्हणजे वाढलेल्या ग्रंथीमुळेच आकडा वर गेल्याची शक्यता बरी आहे. पाश्चात्य देशांत ४ ते १० च्या टप्प्यात साधारण चौघांत एकाला कर्करोग निघतो. आपल्याकडे या टप्प्यात तो त्याहून कमी जणांत सापडतो. तिकडचे उंबरठे जसेच्या तसे उचलले की आपल्याकडे नाहक बायॉप्स्या होतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ब्रिटनमध्ये साठीतल्या पुरुषांसाठी ४.५ ही मर्यादा धरतात. दुसऱ्यांदाही आकडा त्यावर राहिला तर युरॉलॉजिस्टकडून बोटाने तपासणी करून घ्या, आणि बायॉप्सीच्या आधी प्रोस्टेटचा एमआरआय. त्यात १ ते ५ असा पायरॅड्स गुण देतात. १ किंवा २ आला आणि घनताही कमी असेल, तर बहुतेकदा बायॉप्सी टाळून पीएसएवर लक्ष ठेवता येतं. ४ किंवा ५ आला तर टाळाटाळ नको. एमआरआय बायॉप्सीनंतर काढला तर आतल्या रक्तस्रावामुळे चित्र बिघडतं, म्हणून क्रम उलटा होऊ देऊ नका. तपासणीत गाठ कडक लागली, पीएसए २० च्या वर असला किंवा पाठीच्या मणक्यात नवं, रात्री वाढणारं दुखणं असेल, तर हे थांबण्याचं गणित लागू नाही.

प्रश्न: सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रोस्टेटचं रक्षण होतं का?
(एक वाचक, पणजी)

उत्तर: नाही. अमेरिका, कॅनडा आणि प्युर्तो रिको इथल्या ३५,५३३ पुरुषांवर याची मोठी चाचणी झाली. सेलेनियमचा उपयोग दिसला नाही. रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तर कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला.

प्रश्न: वडील प्रोस्टेटच्या कर्करोगाने घरीच गेले. डॉक्टरांच्या दाखल्यावर मात्र ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच आहे. याने काही बिघडतं का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर: आकडेवारीचं बिघडतं. असा मृत्यू कर्करोगाच्या मोजणीतून सुटू शकतो. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, ते कारण नव्हे. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ मध्ये आणि घरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ मध्ये असतो. त्यात कारणांची साखळी ओळींनी लिहायची असते: वरच्या ओळीत शेवटचं, तत्काळ कारण, आणि खाली उतरत सर्वांत खालच्या ओळीत मूळ आजार. वडिलांच्या बाबतीत ती, उदाहरणार्थ, अशी असू शकली असती: (अ) मूत्रपिंडं निकामी, (ब) मूत्रमार्गाचा अवरोध, (क) प्रोस्टेटचा कर्करोग. मोजणीत धरलं जातं ते हे सर्वांत खालचं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळायला हवी. यापुढे घरात अशी वेळ आली, तर बायॉप्सीचा कागद दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या समोर ठेवा. घरी बोलावलेल्या डॉक्टरांना जुना आजार बऱ्याचदा ठाऊकच नसतो.