अमेरिकेत लिलावात जुनं फर्निचर घेणं फायद्याचं आहे का? अस्सल माल कसा ओळखायचा, आणि पुढे तो पुण्याला नेता येईल का?

फायद्यासाठी घेणार असाल तर नका घेऊ. १९८९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात न्यूपोर्टला घडवलेलं निकोलस ब्राउनचं महोगनीचं डेस्क-बुककेस १ कोटी २१ लाख डॉलरना गेलं, आणि लोक अजून तोच आकडा ऐकवतात. तो काळ गेला. गेल्या वीसेक वर्षांत साध्या जुन्या लाकडी कपाटांचे भाव इतके कोसळलेत की कधीकधी ती दुकानातल्या नव्या कपाटापेक्षा स्वस्तात मिळतात. वापरायला घ्या.

अस्सल-नकलीचं मात्र मला स्वतःला लागलेलं आहे, त्यामुळे लांबेल.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. लँकेस्टर काउंटीतल्या एका छोट्या लिलावात मी अक्रोडाचा हायबॉय घेतला. म्हणजे खाली पायांवर उभा असलेला खणांचा भाग आणि त्याच्या डोक्यावर दुसरं खणांचं कपाट. प्रिव्ह्यूच्या, म्हणजे लिलावाआधी माल बघायच्या दिवशी खालच्या भागापुढे गालिच्यांची चळत लावलेली. मी वरचे दोन खण ओढून पाहिले, पितळी मुठींवरून हात फिरवला आणि तिथेच पाघळलो. हातोडा ९०० वर पडला. त्यावर २० टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाववाले घेणाऱ्याकडून घेतात ते कमिशन, मग ६ टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे ११४४ डॉलर ८० सेंट. व्हॅनचं भाडं वेगळं. पावती अजून जपून ठेवली आहे, का ते विचारू नका.

गणपतीला साडू आले. मेकॅनिकल इंजिनिअर, रंधा आयुष्यात हातात धरलेला नाही. आरतीला वेळ होता, तेवढ्यात त्यांनी वरचा एक आणि खालचा एक खण काढून सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवले. म्हणाले, "अहो, हे भाऊ नव्हेत." वरच्या खणाच्या कोपऱ्यात पाच बारीक डव्हटेल (फळ्या एकमेकींत अडकवणारे पारव्याच्या शेपटीसारखे दाते), खालच्याच्या कोपऱ्यात तीन जाडजूड. वरच्याच्या बाजू पाइनच्या, खालच्याच्या हिरवट झाक असलेल्या पॉप्लरच्या. एका कारखान्यातला, एका हातचा माल असा नसतो. वरचा भाग एका कपाटाचा, खालचा भलत्याच कपाटाचा. धंद्यात याला 'मॅरेज' म्हणतात, हे मीच त्यांना सांगून बसलो. तेव्हापासून आमच्या कपाटाचं नाव 'बिजवर'. फोन आला की आधी बिजवरची खुशाली, मग मुलांची.

तर साडूंनी सतरंजीवर केलं ते तुम्ही प्रिव्ह्यूलाच करा. दर्शनी बाजू सगळ्यात शेवटी बघा. सगळे खण बाहेर काढा, उलटे करा, टॉर्च मारा. गालिचे आड आले तर हलवायला सांगा, लाजू नका. हातरंध्याने साफ केलेल्या फळीवर बोटांना हलक्या लाटा लागतात. करवतीच्या खुणा सरळ असतील तर बरं. कमानीसारख्या असतील तर ती चक्री करवत, म्हणजे साधारण एकोणिसावं शतक किंवा त्यानंतरचं काम. फुली पाडलेला फिलिप्स स्क्रू दिसला तर १९३० नंतर कुणीतरी तिथे हात घातलाय. गोल टेबल असेल तर दोन्हीकडून टेप लावा. लाकूड रेषांच्या आडवं आकसतं, दोनशे वर्षांनी ते नेमकं गोल उरत नाही. आणि कॅटलॉगमध्ये 'चिपेंडेल' (अठराव्या शतकातली फर्निचरची एक घडण) वेगळं, 'चिपेंडेल स्टाइल' वेगळं. 'स्टाइल' दिसलं की पुढे कधीतरी केलेली नक्कल समजा.

साडूंचं म्हणणं, मी फसलो. फसणं कशाला म्हणतात ते सांगतो. हेन्री फोर्ड म्युझियमने सतराव्या शतकातली म्हणून एक खुर्ची घेतली. ती निघाली ऱ्होड आयलंडच्या अर्मांड लामोंटेन या शिल्पकाराने १९६९ मध्ये घडवलेली! तज्ज्ञांची जिरवायची म्हणूनच केली होती, आणि पुरावा राहावा म्हणून भोकं आधुनिक ड्रिलने पाडली होती. माझ्या कपाटाचा खालचा भाग खरा जुना आहे, वरचाही खरा जुना आहे, फक्त ते एकमेकांचे नाहीत. कॅटलॉगमध्ये 'दोन भागांत' एवढंच लिहिलं होतं, मूळची जोडी असल्याचा दावा कुणी केलाच नव्हता. हे मी त्यांना तीनदा समजावलंय. त्यावर त्यांचा तोडगा, दोन्ही भाग घासून एका रंगाचं पॉलिश मारा, कुणाला कळणार नाही. हे मात्र काही झालं तरी करू नका. जुन्या लाकडाची किंमत त्या काळवंडलेल्या वरच्या थरातच असते. तो एकदा घासला की गेला.

मी दुकानदार नाही, हे आधी सांगायला हवं होतं. मोठ्या रकमेचा माल असेल तर पैसे देऊन जाणकार न्या, कारण बहुतेक ठिकाणी माल 'जसा आहे तसा' विकतात, परत घेत नाहीत. लाकडात ताज्या भुशाची बारीक भोकं दिसली, म्हणजे आत कीड असली, तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

पुण्याला नेण्याबद्दल: इथल्या हिवाळ्यात हीटरने सुकलेले खण तिकडच्या पावसाळ्यात फुगतात, अडकतात. कंटेनरचा हिशेब साडूंना ठाऊक आहे, त्यांनी इथून लेदरचा सोफा ठाण्याला नेला. पहिल्याच पावसाळ्यात त्याला बुरशी आली. मी त्या सोफ्याला अजून नाव ठेवलेलं नाही.