पुढच्या पिढ्यांचा विचार करून एखादा आदिवासी समाज खरोखर नियोजन करतो का?

करतो. माझ्या माहितीतलं सगळ्यात ठाम उदाहरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या मेनोमिनी लोकांचं. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५४ च्या करारानंतर त्यांच्याकडे सुमारे २ लाख ३५ हजार एकर उरले, तेही बहुतेक जंगल. त्यांचे प्रमुख ओश्कोश यांच्या नावाने एक शिकवण सांगतात: उगवतीकडून मावळतीकडे जात फक्त पिकलेली, रोगट, पडलेली झाडं तोडा, टोक गाठलं की उलट फिरा, जंगल कधी संपणार नाही.

आजही किती तोडायचं हे बाजारभाव नाही, जंगलाची वाढ ठरवते. ठरलेल्या जागांवरची झाडं ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजतात. १८५४ पासून २०० कोटी बोर्ड फुटांहून (बोर्ड फूट म्हणजे लाकूड मोजायचं अमेरिकी माप) जास्त लाकूड निघालं, तरी उभं लाकूड १८५४ पेक्षा जास्तच आहे! मला हा आकडा फार मोलाचा वाटतो, कारण याच लाकडावर त्यांची सॉ मिल आणि रोजगारही चालतो.

हे सोपं मुळीच नव्हतं. १९५४ च्या कायद्याने सरकारने त्यांची जमात म्हणून असलेली मान्यताच काढायचं ठरवलं, १९६१ मध्ये ती गेली. तळ्याकाठच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा मेनोमिनी कार्यकर्त्या एडा डिअर यांच्यासारख्या लोकांनी लढा दिला आणि १९७३ मध्ये मान्यता परत मिळवली.