'पठति'मधला 'ति' हिंदीत कुठे गेला?

प्रश्न : माझ्या मुलीने नववीला हिंदी-संस्कृत संयुक्त विषय घेतला आहे. संस्कृतात 'बालकः पठति' आणि 'बालिका पठति' यांत क्रियापद बदलत नाही. हिंदीत मात्र 'लड़का पढ़ता है', 'लड़की पढ़ती है' असे होते. 'ति'चाच 'ता' झाला असेल, तर त्याला लिंग कोठून आले? आणि गति, मति या शब्दांतला 'ति' हाच का?

उत्तर : 'ति'चा 'ता' झालेला नाही, दोघांची कुळे वेगळी आहेत. पाणिनीने 'अष्टाध्यायी'च्या तिसऱ्या अध्यायात धातूला लागून क्रियापद बनवणारे 18 प्रत्यय एकाच सूत्रात सांगितले, 9 परस्मैपदाचे आणि 9 आत्मनेपदाचे (संस्कृत क्रियापदे चालवण्याच्या या दोन पद्धती). पहिल्या 'तिप्'मधला 'ति' (हाच 'पठति'तला) आणि शेवटच्या 'महिङ्'मधला 'ङ्' घेऊन या सर्वांना 'तिङ्' म्हणतात. हे प्रत्यय पुरुष आणि वचन दाखवतात. लिंग दाखवणे हे त्यांचे कामच नव्हे.

हिंदीतला 'पढ़ता' हा 'पठत्' (वाचत असलेला) या धातुसाधित विशेषणापासून आला आहे. पुल्लिंगी अनेकवचनातल्या 'पठन्तः'मध्ये दिसणारे त्याचे 'पठन्त्' हे अंग प्राकृतात 'पढंतो' झाले आणि पुढे 'पढ़ता'. मूळचे विशेषण असल्यामुळे ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, आणि पुरुष दाखवण्याचे काम शेजारच्या 'है', 'हूँ' यांच्याकडे जाते.

मग खरा 'ति' कुठे गेला? प्राकृतात दोन स्वरांमधला 'त' गळाला, 'पठति'चे 'पढइ' झाले आणि त्यातून हिंदीचे 'पढ़े' आले. 'शायद वह पढ़े' या वाक्यात मुलगा असो वा मुलगी, 'पढ़े' तसेच राहते; संस्कृतातला अलिंगी स्वभाव या रूपाने आजवर टिकवला आहे. अर्थ मात्र सरकला : जे रूप घडत असलेली क्रिया सांगत होते, ते आता शक्यता किंवा इच्छा सांगते. 'पढ़ेगा', 'पढ़ेगी' यांतले लिंग 'गत'पासून आलेल्या 'गा'चे आहे, 'पढ़े'चे नव्हे. जुना अर्थ म्हणींत मात्र अजून जिवंत आहे. 'नाच न जाने आँगन टेढ़ा' यातला 'जाने' म्हणजे सरळ 'जानाति', जाणतो. आपल्या 'नाचता येईना अंगण वाकडे' या म्हणीतला 'येई' त्याच जुन्या वर्तमानकाळाचा वारस आहे, आणि 'तो रोज पहाटे उठे, नदीवर जाई' असे आपण लिहितो तेव्हाही तीच रूपे वापरतो. मराठीत ती भूतकाळातली सवय सांगू लागली, एवढाच फरक. वर्गात हे दाखवले, तर मुलांना तिङन्त (तिङ् प्रत्यय लागलेली) रूपे परकी वाटणार नाहीत, असे मला मनापासून वाटते.

गति, मति यांतला 'ति' मात्र निराळा. तो 'क्तिन्' हा कृत् प्रत्यय असून धातूपासून स्त्रीलिंगी भाववाचक नाम बनवतो. म्हणून 'गतिः, गती, गतयः' अशी विभक्तिरूपे होतात आणि हिंदीतही 'गति' स्त्रीलिंगीच राहते. आस्तिक, नास्तिक हे शब्द सिद्ध करणाऱ्या 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' या पाणिनीच्या सूत्रात दोन्ही 'ति' जवळजवळ बसलेले दिसतात : 'अस्ति'मध्ये क्रियापदाचा आणि 'मतिः'मध्ये नामाचा.