साधे, मोबाइलवर काढलेले फोटो अनोळखी लोकांपुढे टाकावेत का?

टाका. तुम्ही विचारलंय की चांगला कॅमेरा नाही, फोटो रोजचेच, घरातले नि अंगणातले, छंदही साधाच, मग अनोळखी लोकांना त्यात काय रस असणार, ते हसतील का? हे वाचून मला राहवलं नाही. हेच मला माझ्या घरातल्या माणसाने ऐकवलंय.

२०१९ चा श्रावण. आमच्या चिपळूणच्या घराच्या मागच्या दारी कढीपत्ता आहे. फोडणीला पानं काढायला गेले, तर एका पानावर पाखराची शीट. पान झटकलं तरी पडेना. वाकून बघते तर ती शीट पान कुरतडत होती! तपकिरी अंगावर पांढरे पट्टे, ओलसर चकाकी. पक्ष्याने ढुंकून बघू नये म्हणून अळीने घेतलेलं सोंग होतं ते. हे म्हणाले, औषध मार. मी मारलं नाही, रोज सकाळी चहा ठेवला की एक फोटो काढायला लागले. चौथी कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार झाली, पानात शोधायला लागायची.

हे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले. आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, हौशी फोटोग्राफर आहेत, त्यांच्या फोटोंची प्रदर्शनं लागतात. त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘वहिनी, फोटो कशाला म्हणतात ते कळत नसेल तर टाकू नयेत.’ मी उत्तर दिलं नाही, पण ते वाक्य आजही आठवतं.

मग लेकीने मला आयनॅचरलिस्टवर खातं उघडून दिलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. दिसलेल्या प्राण्याचा किंवा झाडाचा फोटो, तारीख आणि ठिकाण टाकायचं, जगभरातली माणसं त्याची ओळख सांगतात. माझा फोटो थोडा हललेलाच होता. एका अनोळखी माणसाने विचारलं, ‘काडीने हलकेच डिवचाल का? डोक्यामागून शिंगं बाहेर काढेल, त्यांचा रंग हवाय.’ डिवचलं. लालभडक, ओली, दुभंगलेली शिंगं क्षणभर बाहेर आली आणि सडक्या संत्र्यासारखा उग्र वास सुटला. मोबाइलवर टिपली, अर्धवट का होईना. तो म्हणाला, कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराची अळी वाटतेय, पण फुलपाखरू बाहेर येईपर्यंत थांबू. माझ्या फोटोसाठी कुणी थांबायला तयार आहे, याचंच मला केवढं अप्रूप!

अळी झाड सोडून खिडकीच्या गजावर गेली, कमरेला रेशमाचा धागा बांधून कोषात गेली. अकराव्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर. पंख चुरगळलेल्या ओल्या कापडासारखे. ते सुकेपर्यंत मी तिथून हलले नाही, पोळ्या तशाच राहिल्या. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरे ठिपके आणि लाल चंद्रकोरी. मी लिहिलं, हे तर कॉमन रोझ! तो माणूस म्हणाला, ‘अंगाचा रंग बघा.’ अंग काळं होतं. कॉमन रोझचं लाल असतं. त्याची अळी ईश्वरीच्या वेलावर वाढते, त्या वेलाचं विष फुलपाखरात उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनच्या काही माद्या त्याचाच वेश घेतात. त्यांच्यात विष नसतं, पण पक्ष्याला ते कसं कळणार?

आता खरी गोष्ट. भाऊजींच्या दिवाणखान्यात फुलपाखराचा मोठा फ्रेम केलेला फोटो आहे, खाली पाटी, ‘कॉमन रोझ’. गणपतीला गेले तेव्हा नीट पाहिलं. अंग काळं. मी तिथेच म्हटलं, ‘भाऊजी, ही मॉरमॉनची मादी आहे.’ ते म्हणाले, ‘वहिनी, फोटो बघा, फोटोतली मजा बघा.’ मजा आहेच, प्रकाश सुंदर पकडलाय. पण हा कुठे, कधी काढला, ते त्यांना आठवेना. माझ्या हललेल्या फोटोला तारीख आहे, गाव आहे, झाडाचं नाव आहे. ओळखणाऱ्यांचं एकमत झालं आणि वापराची परवानगी खुली असली की अशी नोंद कोपनहेगनमधून चालणाऱ्या जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते. माझी गेली. म्हणून मी ठामपणे सांगते, तारीख आणि जागा नसलेला देखणा फोटो फक्त भिंतीसाठी असतो. तुमच्या मोबाइलमधल्या चतुर, कोळी, परसातल्या रानभाज्या यांची जगाला जास्त गरज आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला, आपल्या राणी पाकोळीला, राज्य फुलपाखरू केलं. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते, कढीपत्ता त्याच कुळातला, आणि अशी झाडं आपल्या मागच्या दारी असतात.

तुमचा छंद विणकाम किंवा स्वयंपाकाचा असेल तर यातलं बरंचसं लागू नाही, हे मान्य. पण तिथेही ‘कसं जमलंय?’ एवढंच विचारू नका. कुठला टाका अडतोय, कणीक किती वेळ भिजवली, ते लिहा. नेमकं विचारलं की जाणती माणसं बोलायला लागतात. लाइक मोजायचे असतील तर मात्र माझा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं. घराच्या अंगणातला फोटो टाकताना जागा ‘अस्पष्ट’ ठेवा, तशी सोय असते, नाहीतर नकाशावर तुमचं घरच दिसतं. माझं पहिलं वर्षभर दिसत होतं, लेकीच्या लक्षात आलं म्हणून बदललं. मुलांचे चेहरे येऊ देऊ नका. आणि फोटोसाठी अळीला पुन्हा पुन्हा डिवचू नका, मी एकदाच डिवचलं होतं.

भाऊजींच्या भिंतीवरची पाटी अजून तीच आहे. परवा मोबाइलवर त्या फ्रेमचा फोटो काढून घेतलाय, काळं अंग स्पष्ट दिसतंय. येत्या गणपतीला त्याच्याशेजारी खऱ्या कॉमन रोझचा फोटो ठेवून दाखवणार आहे.